होम थिएटरचा रिसिव्हर घेताना आधी बेसचं बघा
पणजी-म्हापशाच्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, भिंती मोकळ्या. सबवूफर (खालच्या, जाड सुरांचा वेगळा स्पीकर) लावला की बेस, म्हणजे हे जाड सूर, घुमतो आणि संवाद बुडतात. म्हणून रिसिव्हर निवडताना वॅटच्या आधी त्यातलं रूम करेक्शन (माइकने खोलीतला आवाज मोजून तो सुधारणारी सोय) तपासा.

१. ते सबवूफरचा आवाजही सुधारतं का, हे विचारा. ऑडिसी या रूम करेक्शनचं नाव डब्यावर दिसलं म्हणून थांबू नका: त्याच्या साध्या मल्टईक्यू आवृत्तीपेक्षा मल्टईक्यू एक्सटी३२ ही आवृत्ती बेसवर कितीतरी बारीक काम करतं. डिराक लाइव्ह या दुसऱ्या रूम करेक्शनची फक्त ५०० हर्ट्झपर्यंतचे सूर सुधारणारी आवृत्तीही बेसला पुरते.

२. दोन सबवूफर असतील तर दोन्ही वेगवेगळे मोजले जायला हवेत.

३. मोजताना पंखा-एसी बंद, माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला.

बसायच्या जागी एखादा सूर गायबच होत असेल तर तो ईक्यूने (सूर कमी-जास्त करायच्या सोयीने) वाढवू नका. सबवूफर हातभर सरकवून पुन्हा मोजा.