परदेशात असताना अणुभट्टीचा घोळ झाला तर काय करायचं, एका सांगलीकराकडनं

मार्च 2011 ला मी टोकियोत होतो, निशी-कासाईला, जिकडं आपली भारतीय मंडळी जास्त राहतात तिकडं. 11 तारखेला भूकंप आणि त्सुनामी, दुसऱ्या दिवशी फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात पहिला स्फोट. आता गावाकडची बरीच पोरं जपानला चाललीत आणि कोण ना कोण विचारतंयच की दादा, परत तसं झालं तर? म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं काम, टीव्ही बंद करायचा आणि नकाशा उघडायचा. भट्टीपासनं आपलं घर किती किलोमीटर ते बघायचं. तेव्हा 20 किलोमीटरच्या आतली माणसं बाहेर काढली, म्हणजे सांगलीवरनं निघून तासगावला पोचायच्या आतलाच पट्टा, आणि 20 ते 30 वाल्यांना घरातच बसा म्हणून सांगितलं. टोकियो सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं, म्हणजे सांगली ते पुणं धरा. मिरजेत काय झालं तर पुण्यातली माणसं रात्रीत घर सोडतील का? पण आम्ही सोडायला निघालो होतो.

दुसरं, हवेतल्या किरणोत्सर्गाचा आकडा बघायचा. पावसाळ्यात आपण काय करतो, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बघतो, 40 फूट इशारा, 45 धोका, कोयनेतनं किती क्युसेक सोडलंय, शेजारचा काहीही बोंबलू दे. इथं पण तसंच. आकडा मायक्रोसिव्हर्ट प्रति तास मध्ये असतोय, म्हणजे तासाला अंगाला किती किरणोत्सर्ग लागतोय ते. टोकियोत एरवी 0.03 ते 0.08 असायचा, 15 मार्चला 0.8 च्या आसपास जाऊन परत खाली आला. मिली आणि मायक्रो मध्ये हजारपट फरक आहे, आणि नातेवाईकांच्या फोनवर हे दोन्ही शब्द एकच असतात हे ध्यानात ठेवा. चढतोय का उतरतोय ते महत्त्वाचं, पुलासारखंच. आणि निघायचं कधी ते आधीच ठरवून ठेवायचं, घाबरल्यावर ठरवायचं नाही. आमचं असं ठरलं होतं की सरकारनं आपला भाग रिकामा करायला सांगितला किंवा आकडा दिवसभर चढतच राहिला तर शिंकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, लांब ओसाकाला, भारत नंतर बघू. ओसाकावरनं परत यायला एक तिकीट लागतंय, सांगलीवरनं परत यायला आईची परवानगी.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण खरी धावपळ तिथं झाली. 21-22 ला पाऊस पडला, हवेत जे होतं ते खाली आलं, आणि 23 ला टोकियोच्या कानामाची शुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात आयोडीन-131, म्हणजे भट्टीतनं आलेलं किरणोत्सारी आयोडीन सापडलं, किलोमागे 210 बेकरेल (बेकरेल म्हणजे किरणोत्सार मोजायचं माप). मर्यादा तान्ह्या बाळांना 100, मोठ्यांना 300. म्हणजे मोठ्यांना चालत होतं, पण दुकानातल्या बाटल्या बघता बघता गायब. आम्ही तिघं रूममेट नळाचंच प्यायलो आणि आमच्याकडच्या बाटल्या खालच्या मजल्यावर बाळ होतं त्यांना नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी आकडा 79 वर आला. फोनवर आईचं एकच, "उकळून पी रे बाबा". उकळून जंतू मरतात, आयोडीन जात नाही, उलट पाणी आटतंय तेवढं घट्ट होतंय. मग करायचं काय, तर घरात कायम आठवडाभराचं बाटलीतलं पाणी ठेवायचं. आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतंय, म्हणून पहिले दोन-तीन आठवडेच जास्त जपायचे. भट्टीतनंच येणाऱ्या सीझियम-137 चं तसं नाही, ते निम्मं व्हायला 30 वर्षं, ते भाजीपाल्याच्या तपासणीत बघतात. एप्रिल 2012 पासनं तिकडं साध्या अन्नाला किलोमागे 100 बेकरेलची मर्यादा आहे.

किरणोत्सारी आयोडीन गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत शिरू नये म्हणून साध्या आयोडीनच्या गोळ्या देतात, त्या सरकारनं घ्या म्हटल्यावरच घ्यायच्या. जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध पाण्यात घालून प्यायचा सल्ला तेव्हा फिरत होता, चीनमध्ये तर लोकांनी आयोडीनच्या मिठासाठी रांगा लावल्या. दोन्ही येडेपणा.

पाऊस असताना बाहेरनं आलात तर कपडे, बूट दारातच काढायचे आणि सरळ आंघोळ. बास, एवढंच.

कागदपत्रं: पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड, थोडी रोख येन, एका पिशवीत दाराजवळ. रोख का, तर तेव्हा एका मोठ्या बँकेची एटीएम बंद पडलेली. आणि 2011 ला री-एंट्री परमिट, म्हणजे परत यायची आगाऊ परवानगी, नसताना देश सोडला की व्हिसा गेला, त्यासाठी शिनागावाच्या इमिग्रेशनला ही मोठी रांग. 2012 पासनं वर्षाच्या आत परत येणार असाल तर विमानतळावरच फॉर्मवर खूण करून भागतंय. ती खूण विसरू नका. ऑफिसात साहेबाला तोंडावर सांगून जा, न सांगता गेलेल्यांना नंतर लई महिने टोमणे बसले, त्यांच्यासाठी फ्लायजिन (पळून गेलेला गायजिन, म्हणजे परदेशी माणूस) असा शब्दच निघालेला.

14 मार्चपासनं ठरवून लाईट घालवायला लागले, तीन-तीन तास, मुख्यतः उपनगरात. जपानी बिचारे हबकले, आपल्याला लोडशेडिंगची सवय. गॅस-लाईट नसताना खायला भडंग आणि शेंगदाण्याची चटणी ठेवा, शिजवायची भानगड नाही.

आणि घरच्यांना दिवसातनं एकदाच, ठरलेल्या वेळेला फोन करायचा आणि पहिल्यांदा आकडा सांगायचा. चौथ्या दिवसापासनं आई फोन उचलला की "किती आहे आज?" एवढंच विचारायची, आणि मग कांद्याचा भाव सांगायची.