रात्रीच्या बॅकअपवर हार्टबीट लावताना

वेबसाइट उघडत असते, सर्व्हर जिवंत असतो, आणि बॅकअप मात्र कधीचा बंद पडलेला असतो. साइट उघडते का एवढंच बघणाऱ्या अपटाइम चेकला यातलं काही कळत नाही. म्हणून उलटी सोय, म्हणजे हार्टबीट: काम झालं की स्क्रिप्टनेच एका यूआरएलला पिंग करायचं (छोटी वेब रिक्वेस्ट पाठवायची), आणि ठरल्या वेळी पिंग आला नाही की अलर्ट.

टूल कुठलंही घ्या. हेल्थचेक्स, क्रॉनिटर, अपटाइम कुमा, वाद नको. फक्त त्याच सर्व्हरवर बसवू नका. मेलेला माणूस स्वतःच्या मरणाची वर्दी द्यायला जात नाही.

आता मुद्द्याचं. पिंग काम यशस्वी झाल्यावरच गेला पाहिजे. यशस्वी झाल्यावर, नुसतं संपल्यावर नाही! क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) बॅकअप आणि कर्ल (पिंग पाठवणारी कमांड) यांच्या मध्ये सेमीकोलन टाकला, तर बॅकअप आपटला तरी कर्ल चालतोच. मी तोच टाकला होता, आणि डॅशबोर्ड हिरवागार. तिथे && हवं, म्हणजे बॅकअप यशस्वी झाला तरच कर्ल चालतो. तेवढ्यानेही भागत नाही. पीजीडंपचं (पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप घेणारी कमांड) आउटपुट पाइपने जीझिपला (फाइल लहान करणारी कमांड) देत असाल तर निकाल जीझिपचा धरला जातो, आणि जीझिप रिकामा इनपुटही निमूट झिप करून शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, परत करतं. स्क्रिप्ट बॅशमध्ये लिहा, वर पाइपफेल (पाइपमधलं काहीही फसलं तर सगळंच फसलं असं धरणारा पर्याय) चालू करा, आणि फाइलचा आकार तपासूनच पिंग करा. (क्रॉनटॅबच्या ओळीत तारखेसाठी % वापरलात तर त्याआधी \ लावा, नाहीतर ओळ तिथेच तुटते.)

कर्लला 10 सेकंदांचा टाइमआउट आणि काही रीट्राय द्या. सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो, तेव्हा साडेपाच तासांचा हिशोब आधी करा. पिंग कामाच्या शेवटी येतो; बॅकअपला 40 मिनिटं लागत असतील तर ग्रेस (पिंगची वाट बघायची मुदत) तासाभराचा ठेवा. पाच मिनिटांचा ठेवलात तर रोज रात्री खोटा अलर्ट येईल आणि आठवड्यात तुम्ही तो म्यूट कराल.

अलर्ट नुसत्या ईमेलवर सोडू नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवेचा प्रॉडक्शन डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की बॅकअपची बकेट (क्लाउडवरची साठवणीची जागा) रिकामी आहे. पीजीडंप 9.2 चा, डेटाबेस 9.6 चा, म्हणून बॅकअप होतच नव्हता. आणि क्रॉनच्या तक्रारीच्या मेल डीमार्कमुळे (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे तपासणारी व्यवस्था) नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. तेव्हा टेलिग्राम किंवा फोन, आणि दोघांकडे तरी.

मग मुद्दाम मोडून बघा. डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा द्या आणि थांबा. पिंग गेला? मग अजून कुठेतरी सेमीकोलन नाहीतर पाइप लपलाय, शोधा. क्रॉन बंद करून घेतलेली टेस्ट धरायची नाही, त्यात सेमीकोलन सापडत नाही.

बाकी किरकोळ: यूआरएल गिटमध्ये टाकू नका, मेंटेनन्सला पॉज केलेला चेक परत चालू करा, महिन्यातून एकदा रिस्टोअर करून बघा.