थकलेली पोटगी पगारातून वसूल करायची तर : दरखास्तीआधीची तयारी

सगळ्यात आधी पोटगीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढा आणि तो कोणत्या कायद्याखाली झाला ते पाहा. पुढची वाट त्यावर ठरते. घरगुती हिंसाचार कायद्याखालचा आदेश असेल तर कलम २०(६) वापरा. त्यात दंडाधिकारी नवऱ्याच्या कंपनीला किंवा कार्यालयाला थेट सांगू शकतात की पगाराचा अमुक हिस्सा अर्जदार बाईला द्या किंवा कोर्टात भरा. आमच्या मते हाच सगळ्यात जवळचा रस्ता आहे, आणि तोच मागायचा राहून जातो. हिंदू विवाह कायद्याखालचा आदेश असेल तर दिवाणी दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, करायची. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चा आदेश असेल तर वसुलीचा अर्ज करायचा. पण तिथे रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा, नाहीतर त्या महिन्याच्या पैशासाठी वॉरंट निघत नाही. ‘देतो, देतो’ या आश्वासनावर थांबून हक्काचे महिने हातचे जातात, म्हणून अकरावा महिना उजाडू देऊ नका. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलंय की पोटगीचा आदेश पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यासारखा (डिक्रीसारखा) बजावता येतो. त्या निकालाची प्रत अर्जाला जोडा.

मग थकबाकीचा तक्ता करा. महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, कशी आणि कधी मिळाली, बाकी, एवढे रकाने पुरतात. दरमहा ९,००० प्रमाणे अकरा महिन्यांचे ९९,००० होतात. मधे १५,००० आले असतील तर बाकी ८४,०००. आलेले पैसे लपवू नका. समोरच्याने एक यूपीआयची नोंद दाखवली की अख्खा तक्ता संशयात येतो आणि तारखा वाढतात. बँकेचा खातेउतारा सोबत ठेवा. मुलाची आणि आईची पोटगी वेगळी ठरली असेल तर तक्तेही वेगळे करा. अर्जात मागची बाकी आणि पुढची दरमहाची पोटगी या दोन्ही गोष्टी स्पष्ट मागा; नुसती बाकी मागितली तर ती फिटल्यावर कपात थांबते.

किती कापता येईल याचा हिशेब दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश सुरक्षित राहतो, म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते. बाकीच्या कर्जांसाठी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ४०,००० पगारावर पोटगीसाठी जास्तीत जास्त २६,६६६ कापता येतील, तर बँकेच्या हुकूमनाम्यासाठी १३,०००. शिवाय त्या कर्जात एकाच हुकूमनाम्याखाली जप्ती एकूण २४ महिने चालली की तो हुकूमनामा पगारापुरता संपतो. ही २४ महिन्यांची मर्यादा पोटगीला नाही. आणि पगार म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे. सरकारने वगळलेले भत्ते सोडून महिन्याची एकूण मिळकत धरायची. पतपेढीचे हप्ते वाढवून ‘हातात सातच हजार येतात’ असं सांगितलं जातं, तेव्हा सॅलरी स्लिपच्या वरच्या बाजूचा आकडा कोर्टाला दाखवा. पगारदारांच्या पतसंस्थेचा हप्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खाली, सभासदाने लिहून दिलेल्या करारावर, कोर्टाशिवायच कापला जातो. बँकेला मात्र आधी हुकूमनामा लागतो. वसुली एजंट स्वतः पगार जप्त करू शकत नाही.

यानंतरचं काम लोक घाईत उरकतात, आणि वसुली तिथेच अडकते : आदेश नेमका कुणाच्या टेबलावर जाणार? नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही. पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचं पद, कार्यालयाचा पूर्ण पत्ता आणि नवऱ्याचा कर्मचारी क्रमांक लिहा. राज्य सरकारी नोकरीत आहरण व संवितरण अधिकारी (पगाराची बिलं काढणारा अधिकारी) आणि सेवार्थ या पगारप्रणालीतला क्रमांक द्या. सरकारी अधिकारी कोर्टाच्या हद्दीबाहेर असला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४८ खाली चालतं. खासगी नोकरीला नियम ४८-अ लागतो, आणि तिथे पगार काढणारा अधिकारी त्याच कोर्टाच्या हद्दीत असावा लागतो. नोकरी पुण्यात आणि पगार बंगळुरूहून निघत असेल तर हुकूमनामा तिकडे वर्ग करून घ्यावा लागतो. हे आधी कळलं तर सहा महिने वाचतात.

आधीची जप्ती चालू असेल तर अधिकारी नवा आदेश तिच्या तपशिलासह कोर्टाला परत पाठवतो. तेव्हा पोटगीसाठी जप्तीचा हिस्सा मोठा आहे हे कोर्टाच्या लक्षात आणून द्या. नोटीस पोचूनही पूर्ण पगार दिला गेला, तर ती रक्कम भरून द्यायची जबाबदारी मालकावर किंवा सरकारवर येते; म्हणून बजावणीची पोच जपून ठेवा.

नवऱ्याने नोकरी सोडली तर जुन्या कार्यालयाला दिलेला आदेश निरुपयोगी होतो. दिवाणी दरखास्तीत आदेश २१ च्याच नियम ४१ खाली त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागा. कोर्टाने सांगूनही ते दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. नवी नोकरी कळली की त्याच दरखास्तीत नव्या कार्यालयाचा पत्ता देऊन नवा जप्ती आदेश मागा.