स्पीडब्रेकरवर पुढून करकर: स्टॅबिलायझर बारचे बुश बघा

स्पीडब्रेकरवरून गाडी सावकाश नेली की पुढच्या डाव्या बाजूने जुन्या खाटेसारखी करकर. वेगात काही नाही, पावसात तर आवाज गायबच. शॉकअप बदलले, लिंक रॉड बदलले. खिसा हलका झाला, करकर जशीच्या तशी.

पावसात थांबते, हाच धागा पकडला. चाकं वळवून ठेवली, एकाला मडगार्ड दाबून गाडी हलवत राहायला सांगितलं आणि बाटलीने एकेका बुशवर, म्हणजे जोडातल्या रबरी गादीवर, पाणी मारलं. स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा) बुशवर पाणी पडताच आवाज बंद. इथे तेलाचा स्प्रे नको, रबर फुगतं.

मग पुढची दोन्ही चाकं सारखी उचलून गाडी स्टँडवर घेतली, म्हणजे बारला पीळ राहत नाही. ब्रॅकेटचे बोल्ट काढले, बुश चिरेतून फाकवून ओढला. आतून रबर घासून चकचकीत, बारवर गंजाचं कडं. तारेच्या ब्रशने बार साफ करून कोरडा केला. त्याच व्यासाचे नवे बुश दोन्ही बाजूंना, चीर आधीच्याच दिशेला. बोल्ट आधी हाताने. गाडी जमिनीवर टेकल्यावर मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोराने, आवळले. ग्रीस लावायचंच तर सिलिकॉनचं, तेही मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच. काही बुश कोरडेच बसवायचे असतात.