इंदूरच्या जिन्यात डू-वॉप कसं बसवायचं, ओरिओल्सकडून शिकून

आम्ही चौघं रामबागेतल्या एका जुन्या वाड्याच्या जिन्यात रात्री गातो, कारण तिथे आवाज घुमतो, आणि डू-वॉप, म्हणजे एक मुख्य गायक आणि मागे आवाजांनीच साथ देणारे असं अमेरिकन गाणं, बसवायला स्टुडिओपेक्षा जिना चांगला. अमेरिकेतली पोरं पण गल्लीच्या कोपऱ्यावर, इमारतींच्या पॅसेजमध्ये उभी राहूनच गायची. वाद्यं नसली तरी चालतं, घुमणारी भिंत मात्र पाहिजे.

सुरू करायच्या आधी महिनाभर फक्त ऐका, आणि ऐकायचं तर ओरिओल्सपासून. बाल्टिमोरचा ग्रुप, आधीचं नाव व्हायब्रा-नेअर्स, मग मेरीलँड राज्याच्या पक्ष्यावरून ओरिओल्स. डेबोरा चेसलर नावाची तरुण मुलगी गाणी लिहायची, तिने या पोरांचं गाणं आधी फोनवर ऐकलं आणि त्यांची मॅनेजर झाली. 1948 मध्ये ते आर्थर गॉडफ्रीच्या टॅलेंट शोमध्ये गेले आणि हरले, पियानोवादक जॉर्ज शिअरिंग जिंकला. पण त्याच वर्षी चेसलरचं ‘इट्स टू सून टू नो’ रेकॉर्ड झालं आणि कृष्णवर्णीय संगीताच्या चार्टवर थेट पहिल्या नंबरला गेलं, पॉप चार्टवर पण तेरावं आलं. डू-वॉप हा शब्द तर पुष्कळ नंतर रूढ झाला.

आता हे गाणं हेडफोन लावून ऐका, आणि पहिल्यांदा सनी टिलकडे लक्षच देऊ नका. तो लीड, म्हणजे मुख्य गायक आहे, तो ऐकू येणारच. मागे अलेक्झांडर शार्पचा उंच टेनर (पुरुषाचा वरच्या पट्टीतला आवाज) ऐका, शब्द नाहीत, नुसता स्वर तरंगतोय. खाली जॉनी रीडचा खर्ज. मध्ये जॉर्ज नेल्सन, जाडसर आवाजाचा, आणि गाण्याच्या मधल्या कडव्यात तोच पुढे येतो, म्हणजे आवाजाचा रंगच बदलतो. बरोबर टॉमी गेदरची गिटार, अगदी हळू. सगळे मिळून टिलला जागा करून देतात, आणि माझ्या मते डू-वॉपमध्ये शिकायची मुख्य गोष्ट हीच आहे, मागे कसं गायचं.

आपल्याला हेच जड जातं बरं का. आपण लहानपणापासून आरत्या, भजनं सगळे एकाच सुरात गातो, त्यामुळे शेजारचा लीडची चाल गायला लागला की आपला सूर पण तिकडेच ओढला जातो. आमचे पहिले पंधरा दिवस यातच गेले. उपाय एकच सापडला, पेटीवर आपली ओळ एकट्याने गायची, मग दोघांनी, मग तिघांनी, आणि लीडला शेवटी घ्यायचं.

स्वरांचं गणित सोपं आहे. ओरिओल्सची बॅलड, म्हणजे संथ प्रेमगीतं, वेगवेगळ्या चालीची, पण पुढे पन्नासच्या दशकात डू-वॉपमध्ये एक चक्र फारच चाललं, त्यानेच सुरुवात करा. सगळे स्वर शुद्ध. खर्जवाल्याने सा, ध, म, प, प्रत्येकावर चार मात्रा, ध खालच्या सप्तकातला. दुसऱ्याने सा, सा, सा, नी, यातला नी पण सा च्या लगेच खालचा. तिसऱ्याने ग, ग, म, रे. बघा, मधले दोघं जागेवरून हलतच नाहीत जवळजवळ, आणि तेच पाहिजे, मधल्या आवाजांनी उड्या मारल्या की गोडवा गेला. हे ‘ऊ’ वर धरायचं, तोंड अर्धं मिटून, श्वास एकाच वेळी सगळ्यांनी न घेता आळीपाळीने. ‘ऊ’ पक्का बसल्याशिवाय ‘डू’, ‘वॉप’, ‘शबूम’ असले बोल घेऊच नका. बोल म्हणजे इथला ठेकाच, तबला नाही तर जिभेने ताल द्यायचा, म्हणून खर्जवाल्याचे बोल तबल्याच्या बोलांसारखे कडक आणि स्वच्छ पडले पाहिजेत.

कार्यक्रमात साउंडवाला चार माइक लावून देईल, तुम्ही एकच मागा. लीड जवळ, बाकी तिघं हातभर मागे, ज्याचा तुकडा आला तो अर्धं पाऊल पुढे. आवाज कमीजास्त पायानेच होतो, बटणाने नाही. आणि प्रॅक्टिसच्या आधी सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊ नका प्लीज, तेलकट गराडू आणि थंड शिकंजी पोटात घेऊन खर्ज लागत नाही, जायचं ते नंतर.

एक गोष्ट लोक विसरतात, माणसं. नोव्हेंबर 1950 मध्ये गाडीच्या अपघातात टॉमी गेदर गेला, नेल्सन आणि रीड जखमी झाले. तरी ग्रुप उभा राहिला आणि 1953 मध्ये ‘क्राइंग इन द चॅपल’ पुन्हा पहिल्या नंबरला, पॉपमध्ये अकरावं. मग एकेक जण सुटत गेला, शेवटी टिलने रीगल्स नावाचा दुसराच तयार ग्रुप घेऊन नवे ओरिओल्स उभे केले. मला हे वाचून फार वाईट वाटतं, पण त्यातून घ्यायचं ते घेतलं. आपल्याकडे तर नोकरी लागली की पोरगं पुण्याला जातंच. म्हणून पहिल्या महिन्यापासून प्रत्येकाने शेजाऱ्याची ओळ पण पाठ करायची. आम्ही दर रविवारी शेवटची वीस मिनिटं जागा बदलून गातो, मधले दोघं आपसात ओळी बदलतात, लीडवाला मागे उभा राहून फक्त ‘ऊ’ धरतो.