चितारी पद्धतीने लाकडी पाट रंगवताना

गोव्यात कुंकळ्ळी येथील चितारी कुटुंबांत लाकूड घडवणे, रंगवणे आणि त्यावर लाखेची चकाकी चढवणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या घरातच शिकवली गेली. घरच्या लग्नामुंजीसाठी त्या धाटणीचा साधा पाट आपल्यालाही रंगवता येतो (तो चितारी काम म्हणून विकू मात्र नये). खरे कसब चित्रापेक्षा चित्राखालच्या अस्तरात असते, म्हणून बहुतेक वेळ तिथेच खर्च करावा.

पाट शिवणीच्या किंवा फणसाच्या पूर्ण वाळलेल्या लाकडाचा असावा, कारण ओल राहिलेले लाकूड पुढे आकसते आणि वरचे अस्तर तडकते. किनार कोरायची असल्यास ती आधीच पटाशीने उथळ कोरून घ्यावी व मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने पॉलिश पेपर फिरवावा.

अस्तरासाठी चिंचोके भाजून, साले काढून रात्रभर भिजवावेत, बारीक वाटून मंद आचेवर त्यांची खळ शिजवावी आणि तीत वस्त्रगाळ खडूची पूड कालवून सायीइतके दाट मिश्रण करावे. याचे चार-पाच पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावर घासून घ्यावा आणि मगच पुढचा द्यावा. एकच जाड थर देण्याचा मोह होतो, पण असा थर वाळताना भेगाळतो.

लाल रंगासाठी काव, काळ्यासाठी काजळी आणि पिवळ्यासाठी पिवळी माती डिंकाच्या पाण्यात खलावी. जुन्या काळचे हरताळ आणि हिंगूळ वापरू नयेत. पहिल्यात आर्सेनिक असते, दुसऱ्यात पारा. आधी किनारीच्या सरळ रेषा, मग वेल आणि शेवटी मधले कमळ काढावे. कुंचला एकाच जागी पुन्हापुन्हा फिरवल्यास पाण्याने अस्तर सुटते, त्यामुळे रेघ एका हातात ओढण्याचा सराव आधी कागदावर करावा.

रंग पूर्ण वाळल्यावर एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे २५० ग्रॅम चपडा (पातळ पापुद्र्यांच्या रूपातली) लाख विरघळवून, गाळून, तिचे पातळ हात द्यावेत. डिंक स्पिरिटमध्ये विरघळत नसल्याने खालचा रंग पसरत नाही. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून जवळ दिवा किंवा शेगडी नसावी. पावसाळ्यात हे काम टाळावे, कारण दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. तयार पाटावर गरम भांडे ठेवू नये आणि तो कोरड्या मऊ फडक्यानेच पुसावा.