गच्च मिडफिल्ड घेऊन प्रेसिंग, म्हणजे समोरच्याला घेरून बॉल हिसकावणं, कसं करावं?

जांभ्याच्या कातळावर फुटबॉल खेळलेल्यांना सांगायला नको, बॉल जमिनीवर टिकतच नाही. टप्पा खाऊन उडतो आणि मधे ज्यांची माणसं जास्त, त्यांच्या पायात जातो. म्हणून कोकणातल्या मैदानांना डायमंड, म्हणजे मधल्या चौघांची हिऱ्यासारखी मांडणी, मानवतो: चार बॅक, त्यांच्यापुढे एक होल्डिंग (बचाव सांभाळणारा मिडफिल्डर), दोन बाजूंना दोन हाफ, टोकाला दहा नंबर (फॉरवर्डच्या मागचा मिडफिल्डर), पुढे दोन फॉरवर्ड.

यात विंगर, म्हणजे कडेने खेळणारे, नाहीत, म्हणजे कडा उघड्या. इथेच बरेच कोच घाबरतात आणि हाफना टच लाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, नेऊन उभं करतात. मग मधली गर्दीच संपते, डायमंड नावापुरता उरतो. कडा उघडीच ठेवा, समोरच्याला तिकडेच न्यायचंय.

सुरुवात त्यांच्या गोलकिकपासून करा. २०१९ च्या नियमबदलानंतर त्यांच्या बॅकला स्वतःच्या गोलसमोरच्या बॉक्समध्ये बॉल घेता येतो. आपल्याला मात्र किक बसेपर्यंत बॉक्सबाहेर थांबावं लागतं. दोन फॉरवर्ड बॉक्सच्या रेषेच्या जेमतेम बाहेर, एकेका सेंटर बॅकच्या समोर. दहा नंबरने त्यांच्या होल्डिंगला चिकटायचं. मधला रस्ता बंद झाला की पास आपोआप साइड बॅककडे जातो. तो पास सुटला की सगळ्यांनी एकदम निघायचं, पोचल्यावर नाही.

आता मुख्य काम. जवळच्या फॉरवर्डने सरळ धावू नये. वळसा घेऊन, सेंटर बॅककडे परतणारा पास अडवत यावं. त्या बाजूच्या हाफने साइड बॅकच्या अंगावर जायचं, तेही आतल्या बाजूने. मागचा आपला साइड बॅक त्यांच्या विंगरला धरतो, होल्डिंग जवळच्या मिडफिल्डरला, आणि लांबचा हाफ मधे सरकतो. हे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढण्यासारखं आहे. दोन्ही दोर एकाच वेळी आवळले तर मासळी किनाऱ्याला लागते, इथला किनारा म्हणजे टच लाइन. एक दोर ढिला राहिला की जाळं रिकामं.

पलीकडचा त्यांचा साइड बॅक मोकळा सुटतो. सुटू दे. त्याच्यापर्यंत बॉल पोचवायला बॉलवाल्याला मान वर करून लांब मारायला वेळ लागतो आणि तोच द्यायचा नाही. मान वर झालीच तर प्रेस तिथेच सोडा, सगळे मधे या. अर्धवट प्रेस हा प्रेस नसण्यापेक्षा वाईट.

मागची फळी हाफ लाइनजवळ हवी, गोली बॉक्सबाहेर. कोच अरिगो साक्कीच्या मिलान क्लबने १९८९ आणि १९९० चे युरोपियन कप जिंकले, त्यात पहिल्या-शेवटच्या ओळीतलं अंतर आवळून धरण्याचा मोठा वाटा होता. आपली फळी मागे राहिली तर मधे एवढी जागा पडते की चार काय, सहा मिडफिल्डरही पुरणार नाहीत. एक गोष्ट पोरं हमखास विसरतात: कडेला कोंडलं की थ्रो-इन मिळतात, आणि थ्रो-इनला ऑफसाइड नसतो, म्हणजे त्यांचा माणूस आपल्या फळीच्या मागेही उभा राहू शकतो. तेव्हा फळीने चार पावलं मागे.

बॉल गमावला तर पहिली पाच-सहा सेकंदं जवळच्या तिघांनी तुटून पडायचं. नाही मिळाला तर माघार.

दमट हवेत नव्वद मिनिटं हे जमत नाही. पहिली पंधरा मिनिटं आणि हाफटाइमनंतरची दहा निवडा. टॉस जिंकलात तर समुद्राकडून येणारे खारे वारे पाठीशी घ्या. त्यांच्या गोलीची लांब किक वाऱ्यावर अडून मधेच पडेल, तिथे आपले चौघे आहेतच. मधल्या वेळात पाणी, कोकम सरबत, त्यात मीठ जरा जास्तच.

सराव भाट्ये किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर ओहोटीला करा. ओली वाळू कडक असते, टाचेने रेषा ओढता येतात. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, तेव्हा टाइमटेबल भरती-ओहोटी बघूनच ठरवा. कडेची तीस बाय वीस मीटरची पट्टी आखा, आत चार विरुद्ध सहा. चौघांना सलग पाच पास जमले तर त्यांना पॉइंट, सहांनी त्याआधी हिसकावला तर सहांना. पळण्याचा वेग बघू नका. निघण्याची वेळ बघा.